उलट्या वाटेची पालखी

ग्योक-इम वहिनीबद्दल मी चांगलं बोलावं अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माझं दुकान देवाच्या सामानाचं. उदबत्त्या, मेलेल्या माणसांसाठी जाळायचे सोनेरी कागद, लाल फटाक्यांच्या माळा. आजोबांपासून आम्ही या गावाला धूर विकत आलो, आणि ही बाई माझ्याच दारासमोर राहून धुराशी वैर धरून बसली. पोटावर पाय देणाऱ्याचं कौतुक करायला मी काही संत नाही. पण तिच्याबद्दल गावात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. कोणी म्हणतं तिने देवीला शिव्या दिल्या, कोणी म्हणतं देवीला कौल लावायच्या फळ्यांत शिसं भरलं होतं. मी तिथे होतो. देवीला तिने शिव्या नाही दिल्या, सुनावलं ते दुसऱ्यांना.

आमचं नानकेंग डोंगरांच्या वाडग्यात तळाशी बसलेलं आहे. चारी बाजूंनी डोंगर, आणि पश्चिमेला नदीने फोडलेली तेवढी एक खिंड. गावाच्या वेशीवर पाटी आहे, 'हवा गोड, पाणी गोड, माणसं गोड'. पाणी अजून गोड आहे. माणसांचं मी काही बोलत नाही. हवा मात्र पंचांग बघून वागते. उन्हाळ्यात वादळं येतात, पाऊस डोंगरांना धुऊन काढतो, तेव्हा पाटीवरचा शब्द न शब्द खरा असतो. मग नववा महिना लागतो. ईशान्येचं वारं मोठ्या डोंगररांगेपलीकडेच अडून बसतं, आणि दुपारी खिंडीतून समुद्राकडचं वारं आत शिरतं. येताना खालच्या सपाटीवरच्या शहरांचा, कारखान्यांचा, किनाऱ्यावरच्या विजेच्या भट्ट्यांचा सगळा मळ बरोबर घेऊन येतं. आत यायला त्याला वाट आहे, बाहेर पडायला नाही. संध्याकाळी वरून थंडी बसली की वाडग्यावर झाकण पडतं. मग पुढच्या पावसापर्यंत दुसऱ्यांचा मळ आम्ही आमच्या छातीत सांभाळायचा.

हे गावात कोणाला ठाऊक नाही असं नाही. आमच्या शेपटीच्या गल्लीत (गावाच्या टोकाला आहे म्हणून हे नाव) बायका वाळत घातलेले कपडे दुपारी तीनच्या आत घरात घेतात. कोणी विसरली तर शेजारीण ओरडते, "अगं, वारं आलं, चादर काळी करायचीय का?" पण तीच बाई पाहुण्यांसमोर त्याला धुकं म्हणणार. डोंगरातल्या गावाला धुकं असायचंच, त्यात काय. पाहुणे येतात ते संध्याकाळी त्या धुक्याचे फोटो काढतात, आणि फोटो काढून झाले की खोकतात. शाळेवर हवेच्या रंगाचा झेंडा लावतात, हिरवा, पिवळा, लाल, फारच वाईट असेल तर जांभळा. हिवाळ्यात आम्ही त्या झेंड्याकडे बघतच नाही. बघून करायचं काय?

ग्योक-इमला मात्र बघावं लागायचं. तिचा नवरा तेंग बोक-हाई माझा बालपणापासूनचा दोस्त. पाणथळ शेतात पिकणारे बांबूसारखे कोंब ट्रकमध्ये भरून बाजारात पोचवायचा, आणि वर्षातून एकदा, नवव्या महिन्यात, माझू आजीची पालखी उचलायचा. माझू आजी म्हणजे आमची देवी. समुद्राची देवी, पण डोंगरातल्या आम्हा लोकांवर तिचा जीव. नवव्या महिन्यात ती देवळातून निघून सगळ्या गल्ल्या फिरते. बोक-हाईने तीस वर्षं तिला खांद्यावर नेली. मागच्या डाव्या दांड्याला तो. सगळ्यात वाईट जागा ती, वळणावर सगळा भार तिथे येतो. माणूस बैलासारखा होता. कधी बिडी-सिगारेट ओढली नाही, आणि साठीत त्याची छाती गेली.

डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं जुनी झाली, सांभाळा. म्हणजे काय, तर ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरात घरघरत राहायचं आणि हिवाळाभर खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. ग्योक-इम सकाळी कोंब सोलायच्या शेडवर जायची, दुपारी घरी यायची, ओल्या फडक्याने खिडकीची चौकट पुसून ते फडकं नवऱ्याला दाखवायची. "बघ, हे तुझ्या छातीत जाणार होतं." तो म्हणायचा, "मग फडक्याला डॉक्टरकडे ने." संसार असा चालला होता.

त्या वर्षी आठवा महिना सरता सरता बोक-हाईने एकच गोष्ट मागितली. त्याला पालखीखालून जायचं होतं. पालखी येते तेव्हा आजारी माणसं, म्हातारे, अडलेले, सगळे रस्त्यावर ओळीने पालथे पडतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते. आजी वरून गेली की अंगातलं वाईट घेऊन जाते. पालखी उचलणाऱ्याला हे कधी मिळत नाही, तो तर दांड्याखाली असतो. "तीस वर्षं लोकांना तिच्या खालून घातलं," तो मला म्हणाला. मध्ये तीनदा थांबला, श्वास घ्यायला. "एकदा मलाही जाऊ दे."

अडचण उघड होती. आमची गल्ली शेपटीची. पालखी देवळातून सकाळी निघते, आमच्याकडे येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. वर झाकण पडलेलं, खिंडीतला मळ आत साठलेला, आणि खाली प्रत्येक दारात फटाक्यांची माळ. धूर रस्त्यावर लोळतो. पालथ्या पडलेल्या माणसाचं नाक नेमकं त्या धुरात. धडधाकट माणसंही डोळे पुसत उठतात. बोक-हाई उठलाच नसता. हे ग्योक-इमला माहीत होतं, त्याला माहीत होतं, मलाही होतं.

ती माझ्या दुकानात आली ती उभ्या उभ्याच म्हणाली, "भावजी, या वर्षी आपल्या गल्लीत फटाके नाहीत."

"कोण म्हणतं?"

"मी."

"वहिनी, देवी येणार आणि फटाके नाहीत? मग तिला कळणार कसं, आपण दारात उभे आहोत ते?"

"तिला हजार कोसांवरची बुडणारी होडी दिसते म्हणता. मग गल्लीतली माणसं दिसणार नाहीत?"

मी विषय बदलून धंद्याचं बोललो. ती म्हणाली, "तुमच्या धंद्याला मी काही करत नाही. बाकीचं गाव आहे ना जाळायला." आणि पुढे म्हणाली, पालखी सकाळी यायला हवी. वाट उलटी करायची. शेपटीपासून सुरू, डोक्याला शेवट. मी हसलो. देवीची वाट आजोबा-पणजोबांपासून ठरलेली, ती काय गावातली बस आहे?

देवळाच्या कमिटीचा यजमान, म्हणजे उत्सवाचा प्रमुख, होता लियाउ तीन-हूई. लियाउशेठ. डोक्याच्या गल्लीत, म्हणजे देवळाकडच्या टोकाला, त्याची पाहुण्यांची दोन घरं. भिंतीवर लिहिलंय, 'या, श्वास घ्या'. शाळेवर जांभळा झेंडा लागला की शेठ मुख्याध्यापकांना फोन करायचा, 'जरा खाली घ्या ना, लोक बघतात.' ग्योक-इम शेडमधल्या कपड्यांतच, हातात कोंब सोलायची सुरी तशीच, कमिटीच्या बैठकीत गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. तमाशा चुकवायचा नव्हता.

तिने म्हणणं मांडलं. शेठ शांतपणे ऐकून म्हणाला, "वहिनी, तुमचं दुःख कळतं मला. पण एका माणसासाठी देवीची वाट बदलायची? उद्या दुसरा म्हणेल माझ्या गुडघ्यासाठी बदला."

"त्याच्या गुडघ्याने तीस वर्षं पालखी उचलली असेल तर बदला."

"आणि हवेचं तुम्ही जे म्हणता," शेठ आवाज खाली आणून म्हणाला, "ते बाहेर बोलू नका. आपल्याकडे धुकं असतं. तुमच्यासारख्यांनी असं बोललं की पाहुणे दुसऱ्या गावी जातात."

"शेठ, तुमच्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे. माझ्याकडे दोरी आहे. धुकं कसलं आहे ते दोरीवाल्यांना विचारा."

कमिटीतले दोघे-तिघे हसले आणि शेठचा चेहरा पडला. मग त्याने पळवाट काढली. "हे बघा, वाट बदलणं माणसाच्या हातात नाही. आजीची इच्छा असेल तर कौल देईल. सलग तीन होकार. पडले तर बदलू." त्याला वाटलं होतं, बाई इथे गप्प बसेल. सलग तीन होकार पडणं सोपं नाही.

ग्योक-इमने सुरी माझ्या हातात दिली, हात धुतले आणि आजीसमोर गुडघे टेकले. लाल चंद्रकोरी फळ्या दोन्ही तळव्यांत धरल्या. एक फळी सपाट बाजूने वर आणि एक फुगीर बाजूने वर पडली तर होकार. दोन्ही फुगीर वर तर नकार. दोन्ही सपाट वर पडल्या तर आजी हसली असं समजायचं. म्हणजे प्रश्न कळला नाही किंवा उत्तर द्यायचं तिच्या मनात नाही.

"आजी," ती मोठ्याने म्हणाली, "या वर्षी वाट उलटी घे. आमच्याकडे सकाळी ये. येशील का?"

होकार. पुन्हा टाकल्या. होकार. तिसऱ्यांदा टाकल्या, आणि दोन्ही सपाट वर.

"हसली," शेठ म्हणाला. त्याला एवढं बरं वाटलं की लपवताही येईना. "प्रश्नच हसण्यासारखा होता, वहिनी. झालं आता, उठा."

"हसली म्हणजे ऐकतेय," ग्योक-इम जागची हलली नाही. "प्रश्न बदलून विचारते."

"असं सारखं सारखं विचारत नाहीत."

"नाही? तुम्ही यजमान झालात तेव्हा मी पुढच्या रांगेत होते, शेठ. तुम्ही विचारलंत, मी लायक आहे का? नकार. मग विचारलंत, मी छपराची कौलं बदलून दिली तर लायक आहे का? आजी हसली. मग म्हणालात, कौलं आणि पुढचा दरवाजा. तेव्हा कुठे होकार पडला. दाराचा रंग अजून ओला आहे."

या वेळी सगळंच देऊळ हसलं. मी हसलो नाही, कारण शेठ माझं मोठं गिऱ्हाईक. देवळाचा म्हातारा राखणदार तेवढा गंभीरपणे म्हणाला, "प्रश्न बदलायला आजीची ना नसते. विचार, पोरी."

ग्योक-इमने फळ्या पुन्हा कपाळाला लावल्या. आता तिचा आवाज चढला होता, आणि विनवणीचा तर तो मुळीच नव्हता.

"आजी, हे म्हणतात वाट बदलायची नाही. ठीक. मग मी माझ्या माणसाला संध्याकाळी, त्या धुरात, तुझ्या पालखीखाली पालथा घालते. तीस वर्षं त्याने तुला उचललं. आता तुझ्या खाली त्याचा श्वास कोंडून तो मेला, तर तुला चालेल का? चालत असेल तर हो म्हण."

शेठ पुढे झाला. "हे काय विचारणं झालं?" पण फळ्या सुटल्या होत्या. दोन्ही फुगीर वर. नकार. तिने उचलल्या, टाकल्या. नकार. तिसऱ्यांदा टाकल्या. फळ्या फरशीवर वाजल्या, एक घरंगळत पार राखणदाराच्या पायाशी गेली आणि तिथे पालथी पडून राहिली. नकार.

"नकार मोजत नाहीत," शेठ म्हणाला. "तीन होकार लागतात. असा नियमच आहे."

ग्योक-इम उठली. बुटकी बाई, शेठच्या खांद्यालाही लागत नाही. "मी विचारलं, मेला तर चालेल का. ती तीनदा नाही म्हणाली. आता तुम्ही हो म्हणा. इथेच म्हणा, तिच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

शेठने आजूबाजूला बघितलं. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. राखणदाराने पायाजवळची फळी उचलून पदराला पुसावी तशी सदऱ्याला पुसली आणि जागेवर ठेवली. "वाट उलटी," तो म्हणाला. एवढ्यावर बैठक संपली. जाता जाता शेठ तिला म्हणाला, "पालखी सकाळी नेऊ. पण फटाक्यांशिवाय पालखी म्हणजे मयत. लोक ऐकायचे नाहीत."

लोक खरंच ऐकायला तयार नव्हते. ती रोज दुपारी दारोदार फिरली. एकीचा मुलगा परीक्षेला बसणार होता, एकाने नवं न्हाव्याचं दुकान टाकलं होतं, एकीच्या सुनेला दिवस गेले होते. फटाके लावले नाहीत आणि वर्षभर पनवती लागली तर? ग्योक-इम म्हणायची, "पनवती आली तर माझं घर दाखवा. मी तिला चहा पाजते." जे ऐकत नव्हते त्यांना ती घरी नेऊन बोक-हाईसमोर बसवायची. त्याने काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. मशीनची घरघर ऐकत माणूस चहा पिणार, आणि चहा संपायच्या आत हो म्हणणार. बोक-हाईला हे मुळीच आवडायचं नाही. "मला काय माकड केलंयस," तो म्हणाला. ती म्हणाली, "माकड तर माकड. खालून जायचंय ना?"

मी एकटा अडून राहिलो. माझ्या दुकानासमोर पालखी यावी आणि माझ्याच दारात माळ फुटू नये? गाव हसलं असतं. मी सरळ सांगितलं, "वहिनी, एक माळ. सगळ्यात छोटी. दुकानाच्या इभ्रतीपुरती." ती वळून घरी गेली. मला वाटलं, मानली.

पालखीच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ती माझ्या उंबऱ्यावर बसलेली. शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली. मी माळ हातात घेऊन बाहेर आलो, तिने माळेकडे बघितलं आणि बादलीचा कान धरला. मी म्हणालो, "वहिनी, लहान पोरांसारखं करू नका." ती म्हणाली, "लावा तुम्ही. माळही भिजेल, तुम्हीही भिजाल." माझं मन वळलं वगैरे काही नाही. अजूनही माझं मत तेच आहे, देवीला फटाके हवेत. पण बादली भरलेली होती आणि हवेत गारवा होता.

हवा चांगली होती का? नववा महिना म्हटल्यावर फार चांगली नाही. पण रात्री थोडा शिडकावा झाला होता, आणि खिंडीतलं वारं अजून निजलेलं होतं. समोरच्या डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसत होती. बोक-हाईने त्याचा पालखीवाल्यांचा पिवळा सदरा घातला. आता त्यात तो दोनदा मावला असता. ऑक्सिजनची छोटी टाकी ग्योक-इमने ओढत आणली. गल्लीतले आणखी पाच-सहा जण रस्त्यावर पालथे पडले, आणि सगळ्यांच्या पुढे तो. ती त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली आणि पालखीवाल्यांच्या पायात येऊ नये म्हणून त्याच्या नाकातली नळी काढून हातात धरली.

पालखी गल्लीत शिरली तेव्हा क्षणभर काहीच आवाज नव्हता, आणि मला खरंच मयतीची आठवण झाली. मग न्हाव्याच्या बायकोने कढईवर झारा मारला. दुसरीने पातेल्याचं झाकण. मग सगळी गल्लीच बडवायला लागली, कढया, तवे, भाताची भांडी. असा गोंधळ मी जन्मात ऐकला नव्हता. पालखीपुढे चालणाऱ्या शेठचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं होतं. मी माझ्या दुकानात बसून ओठ आवळून होतो. मग बघितलं की हातात हिशेबाची लोखंडी पेटी आहे आणि मी तिच्यावर कुलपाने वाजवतोय.

पालखी बोक-हाईवर आली आणि थांबली. ती कधी कधी थांबते, डुलते, पुढे जात नाही. लोक म्हणतात आजी बघत असते. उचलणारे आता सगळे पुढच्या पिढीचे, बोक-हाईनेच शिकवलेले. पालखी डुलत राहिली, आणि खालून त्याचा आवाज आला.

"मागचा डावा कोण आहे रे? खांदा पडलाय तुझा. आजी तिरकी बसलीय, तिला काय घसरगुंडी दिलीय का? सरळ हो, गुडघ्यातून उचल, पाठीतून नको."

कढया थांबल्या. एका दमात बोलला तो सगळं. कित्येक महिन्यांत त्याने चार शब्दांपुढचं वाक्य न थांबता पुरं केलं नव्हतं. मागचा डावा पोरगा लाल झाला, खांदा सावरला, पालखी सरळ झाली. "हं," खालून आवाज आला, "आता न्या." आणि पालखी पुढे गेली.

सगळे पालखीकडे हात जोडून बघत होते. ग्योक-इमने तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती, ती वर-खाली होते की नाही. त्याला उठवून बसवलं, नळी लावली, तो घामाने भिजला होता आणि हसत होता. मला म्हणाला, "काय आ-त्साई, फटाके ओले झाले?" मी म्हणालो, "तुझ्या बायकोला विचार."

दुपारी वारं आलं, नेहमीसारखं. पालखी डोक्याच्या गल्लीत पोचेपर्यंत झाकण पडलं होतं, आणि तिथे तर फटाक्यांना बंदी नव्हती. शेठच्या घरी श्वास घ्यायला आलेल्या पाहुण्यांनी खिडक्या लावून घेतल्या असं ऐकलं. मी तिथे नव्हतो, त्यामुळे शपथेवर सांगत नाही.

पालखीखालून गेल्यावर बोक-हाई बरा झाला असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल. तो बरा झाला नाही. त्या हिवाळ्यात पाऊस पडलाच नाही. शाळेवर लाल झेंडा, जांभळा झेंडा, पुन्हा लाल. नव्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, एका सकाळी, तो गेला. मशीन चालूच होतं.

बातमी कळून मी धावत गेलो तेव्हा ग्योक-इम रडत नव्हती. खिडक्यांच्या चिकटपट्ट्या ओरबाडून काढत होती. लांबच लांब पट्ट्या, कडेला काळ्या झालेल्या. सगळ्या काढल्या आणि एकेक खिडकी सताड उघडली. बाहेर समोरचं घर धड दिसत नव्हतं. घशाला खवखवणारा तो वास आत आला. ती खिडकीत उभी राहिली आणि बाहेरच्या त्या राखाडीला म्हणाली, "ये. ये की आत. आता काय नेशील?" मग मशीनचं बटण बंद केलं. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि मला तिथे उभं राहवेना.

मी दुकानात गेलो. आमच्यात माणूस गेला की त्याच्या पायाशी लगेच कागद जाळायला घेतात, वाटेवर त्याला खर्चायला. मी सगळ्यात चांगला गठ्ठा काढला. विकायला नव्हे, हे लिहून ठेवा. माझ्या दोस्तासाठी. तिने मला दारातच अडवलं.

"भावजी, जाळायचं नाही काही."

"वहिनी, हद्द झाली," मी म्हणालो. मला संताप आला होता, आणि रडूही. "पालखीचं ठीक होतं. पण तो रिकाम्या हाताने जाणार? तिकडे खाणार काय?"

"त्याने तीस वर्षं तिला खांद्यावर नेलंय. ती त्याला उपाशी ठेवत असेल तर मला कळवा. मी येते तिकडे भांडायला."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ज्याला इकडे श्वास घेता आला नाही, त्याच्या मागे मी धूर पाठवणार नाही."

मी गठ्ठा छातीशी धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात लियाउशेठ आला, काळ्या कपड्यांत, दोन कमिटीवाल्यांबरोबर. बोक-हाईच्या फोटोला वाकून नमस्कार केला, चार चांगले शब्द बोलला. मनापासून बोलला असेल, मी नाही म्हणत नाही. मग खिशातून उदबत्त्या काढता काढता हळूच म्हणाला, "वहिनी, आता कारण उरलं नाही. तेव्हा यंदा पालखी जुन्या वाटेने... तुमची काही हरकत नसेल ना?"

"हरकत आहे," ग्योक-इम म्हणाली. "यंदा पालखीखाली मी पडणार आहे. सकाळी आणलीत तरी पडेन, संध्याकाळी आणलीत तरी पडेन. माझी छातीही त्याच घरात जुनी झालीय. तेव्हा आजीला काय विचारायचं ते आजच ठरवून ठेवा, शेठ. विचारायचं मात्र तुम्ही. फळ्या तुमच्या हातात."

शेठने काडी ओढली होती. ती जळत त्याच्या बोटांपर्यंत आली. त्याने ती फुंकून विझवली, आणि उदबत्त्या तशाच, न पेटवता, बोक-हाईच्या फोटोसमोर खोचल्या.